कब्रस्तानासाठी झाडं निवडायची ती जानेवारीत

"सदर वृक्ष पूर्णपणे वठलेला असून तो केव्हाही कोसळून जीवित अथवा वित्तहानी होण्याची शक्यता आहे. तरी तो तोडण्यास परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."

हे वाक्य माझं आहे. गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, आमच्या कब्रस्तान कमिटीच्या वतीने दिलेल्या अर्जात मी ते लिहिलं. शहरी हद्दीतलं झाड तोडायचं तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि असा कुठलाही मराठी कागद लिहायची वेळ आली की मोहल्ल्यात माझं नाव निघतं. उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणारा माणूस म्हणजे फुकटचा अर्जनवीस. रेशन कार्ड, जातीचा दाखला, विजेच्या बिलाची तक्रार, सगळं लिहून झालंय. सेक्रेटरीसाहेबांचा फोन आला, "सर, शबे-बरातच्या आधी सफाई करायचीय. उत्तरेच्या भिंतीजवळ एक सूखा पेड आहे, त्याचा अर्ज लिहून द्या." मी वर्गाच्या दारात उभा राहून, एका पायावर, पाच मिनिटांत लिहून दिला. सूखा म्हणजे मराठीत काय लिहावं, वाळलेलं की वठलेलं, याचा मात्र विचार केला. वठलेलं हा शब्द जास्त वजनदार वाटला.

पुढच्या शुक्रवारी नमाजनंतर अब्बांच्या कब्रीवर फातिहा पढायला गेलो तेव्हा तिथे सावलीच नव्हती. सावली तशी जानेवारीत त्या झाडाची नसतेच, पण खोडाची एक रेघ कब्रीवर पडायची, तीही नव्हती. उत्तरेच्या भिंतीजवळचा सूखा पेड म्हणजे अब्बांच्या उशाशी असलेला पांगारा होता. बुंध्याचा काप ओला होता. फांद्या भिंतीला टेकवून रचल्या होत्या आणि त्यांच्या टोकांना तपकिरी, मखमली लव असलेल्या, नखासारख्या वाकड्या कळ्या आल्या होत्या. आणखी दोन-तीन आठवडे थांबलो असतो तर ते झाड लालभडक झालं असतं.

वाईट याचं वाटतं की मला हे माहीत होतं. आदल्या वर्षी फेब्रुवारीत शबे-बरातच्या रात्री याच कब्रीवर पडलेल्या लाल पाकळ्या मी हाताने बाजूला केल्या होत्या. अर्ज लिहिताना मात्र कोणतं झाड, ते बघायला गेलो नाही.

कब्र खोदणारे आमचे चाचा तिथेच कुदळीचा दांडा बसवत होते. मी विचारलं, "चाचा, तुम्हाला कळलं नाही का हे जिवंत होतं?" ते म्हणाले, "मास्टरसाब, वो मरेला नई था, सोयेला था. पर मेरेकू कौन पूछा?" मग त्यांनी एक फांदी उचलली, अंगठ्याच्या नखाने साल खरवडली आणि मला दाखवली. आत हिरवं होतं. झाड जिवंत आहे की नाही हे बघायला एवढंच लागतं, एक नख. खरवडल्यावर आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर झाड जिवंत. कोरडं, तपकिरी दिसलं आणि काडी वाकण्याऐवजी कट्कन मोडली तर ती फांदी मेली. तरी दोन-चार फांद्यांवर बघावं, कारण एखादी फांदी मेली म्हणून झाड मेलेलं नसतं.

मी भाषेचा शिक्षक असल्यामुळे या चुकीचा भाषेकडूनही विचार केला. आमच्या उर्दूच्या पुस्तकांत ऋतू दोनच मोठे, बहार आणि खिजाँ. खिजाँ म्हणजे पानगळ, उजाड होणं, संपणं. बहार म्हणजे फुलं, परत येणं. या दोघांच्या मध्ये सगळा हिवाळा असतो. हे वेळापत्रक इराणचं, मध्य आशियाचं, फार तर काश्मीरच्या चिनाराचं. आठवीच्या एका पोराने मला एकदा विचारलं होतं, "सर, अपने गाँव में खिजाँ कब आती?" मी ठोकून दिलं, "डिसेंबरमध्ये." तेव्हा हेही सांगायला हवं होतं की दख्खनमध्ये खिजाँ आणि बहार एकाच फांदीवर, एकाच महिन्यात येतात. पांगारा, काटेसावर, पळस ही झाडं पानं टाकतात आणि त्याच उघड्या फांद्यांवर फुलतात.

त्याला कारण आहे. ऑक्टोबरनंतर आपल्याकडे पाऊस जवळजवळ थांबतो, जमिनीतली ओल खाली जाते आणि पानांमधून पाणी उडतच राहतं. मग झाड पानंच टाकून देतं. पानं नसली की फुलं लांबून दिसतात आणि पाखरं येतात. या तिन्ही झाडांच्या फुलांत भरपूर मध असतो. तो प्यायला मैना, बुलबुल, कावळे, खारी झुंबड करतात आणि त्यांच्या डोक्याला, चोचीला लागलेले पराग एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. म्हणजे जे झाड आपल्याला मेलेलं दिसतं, ते पाहुण्यांची तयारी करत असतं. मराठीत वठलेलं आणि निष्पर्ण असे दोन वेगळे शब्द आहेत. दोन्ही मी मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतो. स्वतः वापरताना चुकलो.

ही माझ्या एकट्याची गोष्ट असती तर इथे लिहिली नसती. पण हे आता ठिकठिकाणी होणार आहे, आणि त्याला आपलं कॅलेंडर कारण आहे. मुस्लिमेतर वाचकांसाठी सांगतो, शबे-बरात ही शाबान महिन्याची पंधरावी रात्र. आमच्याकडे त्या रात्री सगळं गाव कब्रस्तानात जातं, आपापल्या माणसांच्या कब्रींवर दुआ करतं. त्याआधी दोन-तीन आठवडे सफाई चालते. गवत काढणं, चुना मारणं, दिवे लावणं आणि "वाळलेली" झाडं काढणं. हिजरी वर्ष चंद्राचं असल्याने ही रात्र दर वर्षी सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०११ मध्ये अब्बा गेले त्या वर्षी शबे-बरात जुलैत होती. पांगारा पानांनी भरलेला होता, कुणी त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. २०२० मध्ये ती एप्रिलमध्ये आली, २०२३ मध्ये मार्चमध्ये, २०२५ मध्ये फेब्रुवारीच्या मध्यावर. यंदा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आहे. २०२७ आणि २०२८ मध्ये ती जानेवारीत येईल, त्यानंतर डिसेंबरात जाईल. म्हणजे पुढची काही वर्षं आमच्या कब्रस्तानांची सफाई ऐन पानगळीत होणार. कुऱ्हाड हातात असलेला माणूस आणि पानं नसलेलं झाड एकमेकांसमोर येणार. असा हिवाळा याआधी १९९०च्या दशकाच्या शेवटी आला होता. १९९८ च्या डिसेंबरात रमजान सुरू झाला तेव्हा मी बारावीला होतो, पहाटे सहरीला उठताना दात वाजायचे. तेव्हा सफाईत किती झाडं गेली असतील, कुणी मोजली नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की कब्रस्तानात, ईदगाहवर, शाळेत झाडं लावायची ती खुशाल पावसाळ्यात लावा, पण निवडा हिवाळ्यात. जुलैत सगळंच हिरवं असतं, त्यात कुठल्या झाडाचं काय हे कळत नाही. नर्सरीवाला टेम्पोतून जे उतरवेल ते आपण लावतो, फोटो काढतो, आणि पुढच्या मार्चमध्ये मोजायला गेलो तर निम्मीही सापडत नाहीत. जी सापडतात ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी कशी दिसतात, कुणाला काय देतात, हा प्रश्न निवडताना कुणी विचारलेला नसतो.

थंड मुलखातले लोक हा प्रश्न विचारतात. माझा एक मावसभाऊ ब्रिटनमध्ये असतो, त्याने तिथल्या एका बागेचे डिसेंबरातले फोटो पाठवले होते. पांढऱ्या सालीचे बर्च, लाल काड्यांचं डॉगवुड नावाचं झुडूप, लाल फळांची हॉली. तिथे बाग आखतानाच हिवाळ्यासाठी वेगळी झाडं ठरवतात, कारण चार-पाच महिने पानं नसतात. आपल्याकडे बर्फ नाही. मराठवाड्यात परभणीकडे काही वर्षी पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, पण दिवसा ऊन असतं. उलट, आपण घराबाहेर सर्वांत जास्त असतो ते याच चार महिन्यांत. शाळेचं स्नेहसंमेलन, खेळ, लग्नं, आणि आता काही वर्षं शबे-बरात नि रमजानसुद्धा. मग या महिन्यांसाठी झाडं निवडायला काय हरकत आहे?

आमच्या कमिटीचा मात्र वेगळाच बेत आहे. पांगारा गेल्यावर भिंतीच्या कडेने साठ कोनोकार्पस लावायचं ठरतंय. कारण सांगितलं जातं, "बारा महिने हिरवं राहतं, कचरा होत नाही." आमच्यातले काही जण आखाती देशांत राहून आलेत, तिथे रस्तोरस्ती हे झाड असतं, ती आठवणही त्यामागे आहे. मी ती समजू शकतो. वाळवंटात जो हिरवा रंग डोळ्यांना बरा वाटला तो गावात आणावासा वाटणारच. पण तिथेही त्याच्या मुळांनी पाइप आणि गटारं फोडल्याच्या तक्रारी झाल्या, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये ते लावायला बंदी घातली. बंदीच्या कारणांत एक मुळांचं, आणि दुसरं असं की त्याला फुलं येतात हिवाळ्यात आणि परागाने सर्दी, खोकला, दमा वाढण्याची भीती असते. हिवाळ्यात त्याच्याकडे देण्यासारखं एवढंच. आणि कब्रस्तानात पसरणारी मुळं म्हणजे काय, हे कमिटीने चाचांना विचारावं. चार फूट खोदल्यावर मूळ लागलं की मय्यत दारात थांबलेली असते आणि हे कुऱ्हाड शोधत असतात.

मग काय लावावं? मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. गेलं वर्षभर डोळे उघडे ठेवून आमच्या गावात, शेजारच्या माळावर जे बघितलं आणि चाचांशी, एका नर्सरीवाल्याशी, शेतकरी नातेवाइकांशी जे बोललो त्यावरून लिहितो. काळ्या जमिनीच्या, कमी पावसाच्या भागापुरतं हे समजावं. कोकणातल्या वाचकांनी आपल्याकडचं आपण ठरवावं.

पहिलं नाव बोरीचं. बोरीचं वेळापत्रक बाकी झाडांच्या उलटं चालतं. ती पानं टाकते उन्हाळ्यात. पावसाळा सरताना फुलते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी फळांनी लगडते, पानांनी भरलेली असताना. शेजारच्या हिंदू घरांत संक्रांतीला सुगडात बोरं लागतात, लहान मुलांचं बोरन्हाण होतं. आमच्याकडे तिचा संबंध दुसऱ्या न्हाणाशी आहे. मय्यतीच्या गुस्लच्या पाण्यात बोरीचा पाला उकळतात, ते हदीसमधून आलेलं आहे. कुरआनात सिद्र म्हणून जे झाड येतं ते बोरीच्याच कुळातलं. असं असून आमच्या कब्रस्तानात एकही बोर नाही. कुणी गेलं की पाल्यासाठी पोरांना सायकलवर माळाकडे पिटाळतात. लहानपणी मी स्वतः दोनदा गेलोय, दुसऱ्यांदा माझ्या दादीसाठी. दाराजवळ एक बोर असती तर किती बरं झालं असतं. पोरं बोरांसाठी भिंतीवरून उड्या मारतील अशी तक्रार एका बुजुर्गांनी केली. मारू देत. पोरं, पाखरं, जनावरं झाडाचं जे खातील ते लावणाऱ्याच्या नावावर सदका होतं, ही हदीस आपण दर वृक्षारोपणाला माइकवरून ऐकवतो. ती पोरांना लागू नाही असं कुठे म्हटलंय?

बोरीची एक अडचण आहे, शेळ्या. पाला त्यांना फार आवडतो. आमचं कब्रस्तान म्हणजे अर्ध्या मोहल्ल्याच्या शेळ्यांचं कुरण आहे आणि हे बदलेल अशी आशा मी सोडली आहे. त्यामुळे झुडपं निवडायची तर शेळी तोंड लावत नाही अशीच निवडावी लागतात. आपल्या नशिबाने हिवाळ्यात फुलणारी अशी दोन चांगली झुडपं आपल्याकडे आहेत. एक अडुळसा. थंडीत त्याला पांढरी फुलं येतात, त्यांच्यावर मधमाश्या दिवसभर असतात, कुंपणाला दाट होतो, फांदी खोचली तरी लागतो, आणि खोकल्याच्या काढ्यासाठी अर्धं गाव पानं न्यायला येईल ते वेगळंच. दुसरं तरवड. रस्त्याच्या कडेला, मुरमाड माळावर पिवळ्याजर्द फुलांचं जे झुडूप पावसाळ्यानंतर थंडीपर्यंत दिसत राहतं, तेच. पूर्वी कातडी कमावायला त्याची साल वापरायचे. त्याला कुणी पाणी घालत नाही, कुणी त्याची काळजी करत नाही, तरी ते उभं असतं. नर्सरीत मागितलं तर हसतात. पण बी गोळा करून पावसाच्या तोंडावर टाकलं तर उगवतं. यांच्या जोडीला काटेरी पिवळी कोरांटी, तीही थंडीतच फुलते. साठ कोनोकार्पसच्या पैशात अडुळसा आणि तरवडीचं कुंपण चारही बाजूंनी होईल आणि पैसे उरतील.

कब्रींवर आपण सब्जा लावतो, त्याच्याविषयी काही म्हणत नाही. एका हदीसमध्ये खजुरीची ओली फांदी दोन कब्रींवर लावल्याचा उल्लेख आहे, त्याचा अर्थ काय घ्यावा यात उलेमांचे मतभेद आहेत, त्यात पडण्याइतका माझा अभ्यास नाही. एवढंच सांगतो की पावसाळ्यातला सब्जा थंडीत बी धरून वाळतो. तो उपटून फेकण्याआधी बी झाडून घ्यावं, पुढच्या जूनला कामी येतं.

मोठ्या झाडांत पांगारा आणि काटेसावर. दोन्ही भिंतीच्या कडेला, कब्रींच्या रांगांत नाही. काटेसावर फार मोठी होते, बुंधा पसरतो, तिला एखादा रिकामा कोपराच द्यावा. पांगारा मध्यम, लाकूड हलकं, आणि तोही फांदी रोवून येतो. पानमळ्यात वेलाला आधार म्हणून लावायचे तो हाच. जानेवारी सरता सरता दोन्ही फुलू लागतात आणि तेव्हा भोरड्या येतात. हे गुलाबी-काळे पक्षी मध्य आशियाकडून थंडीसाठी आपल्याकडे येतात, एप्रिलपर्यंत परत जातात. शेतकरी शाळूच्या शेतातून त्यांना गोफणीने हाकलतात. त्यांचं दुसरं नाव पळसमैना आहे, कारण पळस, सावर, पांगारा यांच्या मधावर त्या तुटून पडतात. ज्या मुलखातून आमच्या उर्दूत बहार आणि खिजाँ आले, तिकडचे पाहुणे आमच्या पांगाऱ्यावर येऊन बसायचे. गेल्या फेब्रुवारीत त्या आल्या, थोडा वेळ विजेच्या तारेवर बसल्या आणि निघून गेल्या.

पळस लावावाच, पण तो फार सावकाश वाढतो आणि फुलतो ते थंडी सरताना. नातवांसाठी लावतोय असं समजून लावावा. बूच मला फार आवडतो. नोव्हेंबरात फजरची नमाज पढून बाहेर आलं की बुचाखाली पांढऱ्या लांब देठाच्या फुलांचा सडा पडलेला असतो आणि वास थंड हवेत खाली बसलेला असतो. पण त्याच्या फांद्या वादळात मोडतात आणि मुळांतून नवे फुटवे निघतात, म्हणून तो फाटकाबाहेर किंवा मशिदीच्या अंगणात, कब्रींपासून लांब. आवळा शाळेत लावा, कब्रस्तानात नको, मधल्या सुट्टीची पोरं त्याला जास्त न्याय देतील. गुलमोहराला मी नाही म्हणणार नाही, पण हिवाळ्यात त्याच्यावर काळ्या शेंगांशिवाय काही नसतं आणि मुळं उथळ असल्याने तो वाऱ्यात पडतो. आणि एक झाड आहे कांडोळ, डोंगरात असतं. थंडीत पानं गळाली की त्याची पांढरी गुळगुळीत साल चांदण्यात अशी चमकते की ब्रिटनच्या बर्चने मान खाली घालावी. पण त्याला लोक भुत्या म्हणतात. कब्रस्तानात भुत्या लावू या, असा ठराव मांडायची माझी हिंमत नाही.

काही जण म्हणतात, कब्रस्तान ही बाग नाही, तिथे माणूस इबरत घ्यायला, आपलाही शेवट आठवायला जातो. मला हे मान्य आहे. कारंजी आणि बाक मलाही नकोत. पण कब्रस्तानाकडे बघणारे सगळे आत जाणारे नसतात, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आमच्या गावात बायका कब्रस्तानात जात नाहीत. योग्य की अयोग्य तो वाद वेगळा, पण रीत तशी आहे. अम्मी अब्बांना दफन केल्यापासून एकदाही आत गेलेली नाही. बाजाराला जाताना रिक्षा उत्तरेच्या भिंतीवरून जाते. फेब्रुवारीत भिंतीच्या वर पांगारा लाल दिसायचा, तेव्हा ती रिक्षावाल्याला हळू चालवायला सांगायची आणि दुआ करायची. अब्बा कुठे आहेत हे तिला त्या झाडावरून कळायचं. गेल्या वर्षी तिने मला विचारलं, "वो लाल फूलां का झाड कां गया रे?" मी म्हटलं, "काट दिया, अम्मी. सफाई में." अर्ज कुणी लिहिला ते सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. हा लेख तिच्यापर्यंत जाणार नाही, तिला मराठी वाचता येत नाही.

म्हणून भिंतीच्या कडेला काय लावायचं हे ठरवताना मी कमिटीला बाहेरून, रस्त्यावरून बघायला सांगतोय. आमच्या निम्म्या लोकांसाठी कब्रस्तान म्हणजे भिंतीच्या वर जे दिसतं तेवढंच आहे. तिथे बारा महिने एकाच रंगाची हिरवी भिंत उभी केली तर कुणाचं माणूस कुठे आहे हे कसं कळणार?

यंदा आम्ही थोडं वेगळं करून बघितलं. सफाई सुरू होण्याआधी, जानेवारीच्या पहिल्या रविवारी, सातवीची अकरा मुलं घेऊन मी कब्रस्तानात गेलो. चाचा पुढे, आम्ही मागे. पानं नसलेल्या प्रत्येक झाडाची काडी नखाने खरवडून बघितली. सोळा झाडांपैकी चौदा जिवंत निघाली. जिवंत झाडांना चुन्याचा पट्टा मारला, मुलांनी पुठ्ठ्यावर उर्दू आणि मराठीत नावं लिहून बांधली. दोन झाडांचं नाव चाचांनाही सांगता आलं नाही, तिथे मुलांनी "जिंदा है" एवढंच लिहिलं. पट्टा असलेल्या झाडाला हात लावायचा नाही, हे सेक्रेटरीसाहेबांनी मान्य केलंय. माणूस चांगला आहे, तोडायची हौस त्यालाही नव्हती. खड्डे याच महिन्यात घ्यायचे ठरलेत, दोन फूट लांब, दोन रुंद, दोन खोल. उन्हाळाभर तापू द्यायचे आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर लावायचं.

कोनोकार्पसचा ठराव अजून मागे घेतलेला नाही. येत्या रविवारी बैठक आहे. मी यादी देणार आहे: दोन बोरी, तीन पांगारे, कोपऱ्यात एक सावर, फाटकाबाहेर एक बूच, बाकी कुंपण.

पांगाऱ्याच्या तोडलेल्या फांद्यांपैकी दोन जाड फांद्या चाचांनी तेव्हाच भिंतीजवळ रोवल्या होत्या, कुणाला न सांगता, आणि वजूखान्याचं पाणी बादलीने आणून घालत होते. एक सडली. दुसरीला एप्रिलमध्ये कोंब आले. शेळीने ते दोनदा खाल्ले. आता भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण आहे आणि फांदी माझ्या खांद्याएवढी आहे. सध्या तिच्यावर एकही पान नाही. मी दर शुक्रवारी नखाने खरवडून बघायचो, तर चाचा ओरडले, "रोज रोज मत छिलो मास्टरसाब, उसकू भी लगता." आता लांबूनच बघतो.

आम्हाला जूनपर्यंत अडुळशाच्या दीडशे फांद्या, पांगाऱ्याच्या पाच-सहा जाड फांद्या आणि तरवडीचं बी हवं आहे. परभणी, हिंगोली, नांदेड, बीड या बाजूला कुणाच्या शेताच्या बांधावर असेल तर कळवा. गाडी घेऊन मी येईन.